डायनासोरच्या काळात मालवणला किनाराच नव्हता! सिंधुदुर्गात जीवाश्म का सापडत नाहीत आणि आंबोलीच्या मातीत काय दडले आहे?

महाराष्ट्रात डायनासोरची हाडे कुठे सापडली, या प्रश्नाचे उत्तर चंद्रपूर जिल्हा असे आहे. सिंधुदुर्गाचे नाव या यादीत नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावरून किंवा आतल्या सड्यांवरून आजवर डायनासोरच्या एकाही हाडाची, दाताची वा अंड्याची नोंद झालेली नाही. तरीही सड्यावर एखादा खोलगट खळगा दिसला की त्याला राक्षसाचे नाहीतर पांडवांचे पाऊल म्हणायची कोकणातली जुनी पद्धत आहे. आता मोबाइलच्या जमान्यात त्या पावलाचे 'डायनासोरचे पाऊल' व्हायला फारसा वेळ लागत नाही.

सिंधुदुर्गात डायनासोर नव्हतेच असे मात्र कुणी ठामपणे म्हणू शकत नाही. ते या भूभागावर फिरलेही असतील. अडचण आहे ती त्यांच्या खुणा जपून ठेवणाऱ्या दगडाची. आणि गंमत अशी, की दगडाने जी साक्ष ठेवली नाही ती याच जिल्ह्यातल्या एका प्राण्याने ठेवली आहे. तो प्राणी जिवंत आहे आणि आंबोलीत पालापाचोळ्याखाली राहतो.

तेव्हा मालवण कुठे होते?

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की अरबी समुद्र दिसतो. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे डायनासोरच्या अखेरच्या काळात, त्या दिशेला आजच्यासारखा अथांग समुद्र नव्हता. भारताच्या पश्चिमेला आणखी एक भूभाग चिकटलेला होता. आज आपण त्याला सेशेल्स बेटे म्हणतो.

भारताचा सगळा तुकडाच तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. मादागास्कर त्याच्यापासून सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुटले होते. त्या ताटातुटीच्या सुमारास उफाळलेल्या लाव्हाचे खांब आजही कर्नाटकात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर दिसतात. सेशेल्स मात्र भारतासोबतच राहिले. पुढे भारत सध्याच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त जागेवरून सरकत असताना दख्खनच्या लाव्हाचा उद्रेक झाला, जमीन ताणली गेली, फाटत गेली आणि सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी सेशेल्स कायमचे वेगळे झाले. मधल्या फटीत समुद्रतळ तयार होत गेला आणि तोच पुढे अरबी समुद्राचा भाग झाला.

आज मालवण आणि सेशेल्समधील माहे बेट यांच्यात सुमारे तीन हजार किलोमीटर अंतर आहे. भागाकार केला तर दोन्ही भूभाग वर्षाला सरासरी पाच सेंटीमीटरने दूर गेले असे उत्तर येते. बोटाची नखे वाढतात त्याच्या जवळपासचा हा वेग. प्रत्यक्षात तो सगळा काळ सारखा नव्हता, सुरुवातीला भारत फारच वेगाने उत्तरेकडे धावत होता.

सेशेल्स एकेकाळी भारताला जोडलेले होते हे कशावरून? भर समुद्रातली बेटे सहसा ज्वालामुखीची किंवा प्रवाळाची असतात. सेशेल्सची मुख्य बेटे मात्र ग्रॅनाइटची आहेत आणि तो ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षे जुना आहे. असा खडक खंडाचा असतो, समुद्रतळाचा नव्हे. शिवाय तिथल्या सिलुएट आणि नॉर्थ या बेटांवर दख्खनच्या लाव्हाच्या वयाच्या आसपासचे अग्निजन्य खडकही आहेत.

थोडक्यात, तारकर्लीची पांढरी वाळू, देवबागचा संगम, निवतीचे दीपगृह यांतले काहीही सोडाच, ज्या किनाऱ्यावर हे सगळे आहे तो किनाराच डायनासोरांनी पाहिला नाही.

खडकांच्या पुस्तकातली फाटलेली पाने

जीवाश्म तयार व्हायला गाळ लागतो. प्राणी मेला, त्यावर चिखल किंवा वाळू लवकर साचली, हवा आणि सडवणारे जीव दूर राहिले, हाडात हळूहळू खनिजे शिरली आणि तो गाळ खडक होऊन टिकला, तरच हाड दगडाच्या रूपात उरते. म्हणजे योग्य काळाचा आणि योग्य जातीचा खडक हवा. सिंधुदुर्गात या दोन्हींचा मेळ बसत नाही.

जिल्ह्यातले सर्वांत जुने खडक सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले भागात आहेत. रेडीचे लोहखनिज याच जुन्या खडकांमधले. त्यांचे वय २५० कोटी वर्षे किंवा त्याहून अधिक. तेव्हा पृथ्वीवर सूक्ष्मजीवांशिवाय कुणी नव्हते. डायनासोर अवतरले साधारण २३ कोटी वर्षांपूर्वी. या खडकात त्यांना शोधणे म्हणजे शिवकालीन बखरीत मोबाइल नंबर शोधण्यासारखे आहे.

त्यावरचे खडक कलादगी नावाने ओळखले जातात. हे नाव कर्नाटकातल्या बागलकोट भागातल्या कलादगी गावावरून पडले. कासार्डे-फोंडाघाट पट्ट्यात ज्या सिलिका वाळूचा धंदा चालतो तिचे मूळ याच खडकांत आहे. हा खरोखरच गाळाचा खडक आहे, म्हणजे जात योग्य. पण वय शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे. पुन्हा चुकामूक.

त्यानंतर एकदम येतो तो काळा बेसाल्ट, म्हणजेच दख्खनचा लाव्हा. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. देवगड, वैभववाडी आणि सह्याद्रीची भिंत या बाजूला तो ठळक दिसतो, दक्षिणेकडे पातळ होत संपतो. मधली नव्वद-पंच्याण्णव कोटी वर्षांची पाने या जिल्ह्याच्या पुस्तकातून गायब आहेत. एकतर तेव्हा इथे गाळ साचला नाही, किंवा साचलेला झिजून वाहून गेला. डायनासोरांचे जवळपास सगळे राज्य या फाटलेल्या पानांत येऊन गेले.

सर्वांत वर जांभा. घरांच्या भिंतींना वापरला जाणारा चिरा तो हाच. जांभा हा काही गाळ साचून झालेला खडक नव्हे. मूळ खडक पाऊस आणि उष्णता यांनी लाखो वर्षे कुजवला, त्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, तो जांभा. अशा आम्लधर्मी, सतत पाणी झिरपणाऱ्या जमिनीत हाड टिकत नाही. हाडातला कॅल्शियम फॉस्फेट हळूहळू विरघळतो. कोकणात डायनासोरच काय, काही हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचीही हाडे क्वचितच मिळतात, त्यामागे हेही कारण आहे.

जांभ्याखाली काही ठिकाणी मातकट-काळपट गाळाचे थर आहेत आणि त्यात जीवाश्मही आहेत. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संशोधकांनी या थरांना 'सिंधुदुर्ग फॉर्मेशन' असे नाव दिले. जिल्ह्याचे नाव भूशास्त्राच्या ग्रंथांत या थरामुळे गेले. त्यात परागकण, नेच्यांचे आणि बुरशीचे बीजाणू मिळाले. इथे दाट, दमट जंगल होते असे त्यावरून दिसते. पण हा काळ मायोसीन, म्हणजे सुमारे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा. डायनासोर जाऊन चार कोटींहून अधिक वर्षे झाली होती.

लाव्हाच्या खाली काही असू शकेल का?

असू शकेल. दख्खनचा बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांपेक्षा कमी काळात बाहेर पडला, पण तो सलग वाहत नव्हता. एक थर निवायचा, त्यावर तळी साचायची, झाडे उगवायची, प्राणी यायचे आणि मग पुढचा थर यायचा. दोन थरांमधल्या या गाळात जीवाश्म मिळतात. कोकणपट्टीतले याचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण मुंबईत आहे. वरळीच्या खडकात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. 'डायनासोरिया' हा शब्द ज्यांनी १८४२ मध्ये घडवला तेच हे ओवेन. मात्र वरळीचे बेडूक डायनासोर नष्ट झाल्यानंतरच्या नजीकच्या काळातले आहेत. सिंधुदुर्गात बेसाल्टखाली असा एखादा थर उघडा पडलाच तर तो शोधायला हवा, एवढेच म्हणता येते.

मग चंद्रपुरात असे काय आहे?

तिथे नेमके योग्य पान शिल्लक आहे. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे. त्याच्या नावाने ओळखला जाणारा गाळाचा थर मध्य भारतात दख्खनच्या लाव्हाच्या अगदी खाली सापडतो. लाव्हा येण्यापूर्वीच्या नद्या, तळी आणि त्यांच्या काठची माती असा हा थर आहे. वरून लाव्हाचे झाकण बसले आणि कडेकडेने ते झिजल्यावर खालचा गाळ उघडा पडला.

भारतातली पहिली डायनासोरची हाडे याच थरात, जबलपूरला १८२८ मध्ये मिळाली. ती गोळा करणारे कॅप्टन विल्यम स्लीमन. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून शाळेच्या इतिहासात भेटतात तेच. रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये त्यांना 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे नाव दिले.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या परिसरात पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन गावे डायनासोरसाठी जगभर माहीत आहेत. पिसदुऱ्याची हाडे एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने अभ्यासकांपर्यंत पोहोचवली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. डोंगरगावच्या टेकडीवर १९८४ ते १९८६ या काळात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या चमूने उत्खनन केले आणि एका शाकाहारी, महाकाय डायनासोरच्या सांगाड्याचा बराच भाग मिळवला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. २००३ मध्ये त्याला वेगळे प्रजातीकुळ मिळाले, 'आयसिसॉरस'. संस्थेच्या 'आयएसआय' या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. संख्याशास्त्राच्या संस्थेच्या नावाचा डायनासोर जगात दुसरा नसावा! पुढचे पाय लांब, मान मात्र त्याच्या भाऊबंदांच्या तुलनेत आखूड असा हा प्राणी होता.

पण चंद्रपूरची सर्वांत मोठी बातमी हाडांतून नव्हे, शेणातून आली. पिसदुऱ्यात डायनासोरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे विपुल मिळतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि प्रत्येक कुळाच्या कणांचा आकार वेगळा असतो. वनस्पती पचून गेली तरी हे कण पचत नाहीत. पिसदुऱ्याच्या गोळ्यांत गवताचे कण निघाले, तेही किमान पाच वेगवेगळ्या प्रकारच्या गवतांचे. २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे संशोधन आले. तोवर डायनासोरच्या काळात गवत असल्याचा असा पुरावा नव्हता. चित्रांत डायनासोरच्या पायाखाली गवत दाखवणे ही चित्रकाराची चूक मानली जाई. त्या चित्रकारांना चंद्रपूरने काही प्रमाणात तरी सोडवले.

पुढे २०११ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये याच भागातील नमुन्यांवर आणखी एक शोधनिबंध आला. या गवतांत भाताच्या कुळातली गवतेही होती, असे त्यात मांडले होते. म्हणजे आज कोकणातल्या खाचरांत जे पीक डोलते त्याचे दूरचे पूर्वज विदर्भात डायनासोरच्या पोटात गेले होते. सिंधुदुर्गाचा डायनासोरशी संबंध जोडायचाच असेल तर तो आधी ताटातल्या पेजेतून जोडावा लागेल.

सड्यावरचे हत्ती आणि गेंडे वेगळे

सिंधुदुर्गात 'प्रागैतिहासिक' म्हणून जे दाखवले जाते आणि ज्यावरून अनेकदा गोंधळ होतो, ती म्हणजे कातळशिल्पे. मालवण तालुक्यातील हिवाळे आणि कुडोपी येथील कातळशिल्पे सतीश लळीत यांनी प्रकाशात आणली. कुडोपीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेल्या आकृत्यांत मातृदेवता मानली जाणारी आकृती आहे, प्राणी आहेत, अर्थ न लागलेल्या चौकटी आहेत. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत गेली. त्यातल्या नऊ जागांपैकी सात रत्नागिरीच्या, एक गोव्यातली फणसायमळ आणि सिंधुदुर्गातली एकमेव जागा कुडोपी.

या शिल्पांत डायनासोर नाहीत आणि असू शकत नाहीत. माणूस आणि डायनासोर यांच्यामध्ये सहा कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे. पण जे प्राणी आहेत तेही कमी नवलाचे नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळीचा कोरीव हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेले आहेत. काही ठिकाणी एकशिंगी गेंडा ओळखला गेला आहे. आज कोकणात गेंडा नाही. ज्यांनी तो कोरला त्यांनी तो पाहिलेला असणार, आणि गेंडा असायचा तर ओले गवताळ माळ हवेत.

कोरणाऱ्यांचे वय सांगणे अवघड आहे, कारण दगडावर नुसती रेघ मारली तर तिचा कार्बन काळ काढता येत नाही. अभ्यासक मध्याश्मयुगापासूनचा काळ सांगतात. राज्य पुरातत्त्व विभागाने सिंधुदुर्गात कोळोशी येथील गुहेत उत्खनन केले तेव्हा दगडी हत्यारे मिळाली. हत्यारे मिळाली आणि हाडे विशेष नाहीत, हे जांभ्याच्या आम्लधर्मी मातीशी जुळणारेच आहे.

त्या माणसांचा किनाराही आजचा नव्हता. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होती. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले प्रवाळ पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे हे पठार आज वीसेक मीटर पाण्याखाली आहे. म्हणजे तेव्हा ते पाण्याबाहेर डोके काढून असणार आणि आजच्या मालवणपासून समुद्रावर जायला कित्येक मैल पश्चिमेकडे चालावे लागत असणार.

सड्यावर 'हाड' सापडले तर?

बहुतेक वेळा ते हाड नसते. जांभ्यात किड्याने पोखरल्यासारख्या नळ्या असतात आणि त्या तुटल्या की हुबेहूब जुन्या हाडासारख्या दिसतात. चिऱ्याच्या फोडीवर कधी काळपट नेच्याचे पान उमटलेले दिसते. ते मँगनीजच्या खनिजाने काढलेले नक्षीकाम असते, वनस्पती नव्हे. खडकाळ किनाऱ्यावरचे गोल खळगे लाटांनी दगडगोटे फिरवून केलेले असतात.

जीवाश्म ओळखण्याची एक गावठी चाचणी इंटरनेटवर सांगितली जाते. दगड जिभेला लावायचा, चिकटला तर हाड. चंद्रपुरात ती कदाचित चालेलही. कोकणात चालत नाही, कारण जांभ्यातली चिकणमातीही जिभेला चिकटते. उगाच तोंड खराब करू नये.

शंका खरीच वाटली तर दगड उचलू नये. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून फोटो काढावा, मोबाइलवर ठिकाणाची नोंद ठेवावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे. जीवाश्माचे अर्धे मोल तो कोणत्या थरात होता यात असते. तो थर सुटला की मागे नुसता शोभेचा दगड उरतो. केंद्रीय खाण मंत्रालयाने अशा ठिकाणांच्या आणि अवशेषांच्या जतनासाठी डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. सगळे अधिकार एकाच खात्याकडे जातील, असा आक्षेप त्यावर संशोधकांकडून आला.

कोकणात जीवाश्मापेक्षा तातडीचा प्रश्न कातळाचाच आहे. चिरेखाणीचे यंत्र ज्या सपाट, कठीण जांभ्यावर फिरते त्याच सपाट जांभ्यावर कोरीव हत्ती आणि गेंडे आहेत. खाणीसाठी किंवा कलमे लावण्यासाठी एकदा कातळ फोडला की खाली काय कोरले होते हे विचारायला जागा उरत नाही.

दगडाने नाही, तर मग साक्ष दिली कुणी?

आता त्या जिवंत साक्षीदाराकडे. तसे पाहिले तर सिंधुदुर्गात डायनासोर रोज दिसतात. शास्त्रीय वर्गीकरणात पक्षी हे डायनासोरच, मांसाहारी डायनासोरांच्या एका शाखेचे वंशज. त्या हिशेबाने कोंबडी-वडे हे डायनासोरचे जेवण झाले. मालवणच्या बाजारातली मोरी तर त्याहून जुन्या घराण्यातली. शार्कचे कूळ चाळीस कोटी वर्षांपलीकडे जाते. वायंगणी आणि तांबळडेगच्या वाळूत अंडी घालायला येणाऱ्या समुद्री कासवांचे पूर्वज डायनासोरच्या काळात पोहत होते. पण ही सगळी मंडळी जगभर पसरलेली आहेत. ती मालवणविषयी खास काही सांगत नाहीत.

देवगांडूळ मात्र सांगते. नावात गांडूळ असले तरी ते गांडूळ नव्हे आणि दिसायला सापासारखे असले तरी सापही नव्हे. ते बेडकांच्या वर्गातले, म्हणजे उभयचर आहे. त्याला पाय नसतात, अंगावर कड्यांसारख्या रेषा असतात, डोळे नावापुरते असतात आणि जमिनीखाली वास व स्पर्श टिपण्यासाठी डोळा व नाकपुडी यांच्या मधून एक बारीक स्पर्शक बाहेर येतो. हे कूळ फार जुने आहे. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनाच्या ट्रायासिक काळातील देवगांडुळाच्या नातेवाइकाचे वर्णन आले. म्हणजे पहिल्या डायनासोरांच्या पायाखालच्या मातीतही ही मंडळी होती.

आंबोलीत सापडलेल्या देवगांडुळाचे वर्णन वरद गिरी, मार्क विल्किन्सन आणि डेव्हिड गोवर यांनी २००३ मध्ये केले. 'गेजेनोफिस डॅनिएली' असे नाव देताना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचा मान राखला गेला. त्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले येथील आणखी एक प्रजाती नोंदवली गेली. या प्रजातींचे सर्वांत जवळचे नातेवाईक कुठे आहेत हे जनुकांवरून पाहिले तेव्हा बोट आफ्रिकेकडे गेले नाही, आग्नेय आशियाकडेही गेले नाही. ते सेशेल्सकडे गेले. भारतातली ही देवगांडुळे आणि सेशेल्सची देवगांडुळे एकाच कुटुंबात मोडतात. त्या कुटुंबाला 'इंडोटायफ्लिडी' हे नाव ज्या कुळावरून मिळाले ते इंडोटायफ्लस खंडाळ्याचे. सेशेल्सच्या बेटावरचा प्राणी कुटुंबाचे नाव लावतो ते सह्याद्रीचे!

हा प्राणी तीन हजार किलोमीटर समुद्र ओलांडून गेला असेल का? उभयचरांची त्वचा पातळ आणि ओलसर असते, खाऱ्या पाण्यात त्यांचा निभाव लागत नाही. देवगांडूळ तर मातीखाली राहणारे, ते कोणत्या होडीत बसणार? सोपे उत्तर असे, की ते कुठे गेले नाही. त्याच्याखालची जमीन दुभंगली. निम्मे नातेवाईक सेशेल्ससोबत राहिले, निम्मे भारतासोबत उत्तरेकडे आले. मध्ये समुद्र भरला. केरळमधला जांभळा बेडूक हा असाच दुसरा साक्षीदार आहे. जगापुढे तोही २००३ मध्येच आला आणि त्याचेही जवळचे नातेवाईक सेशेल्सचेच आहेत.

म्हणजे मालवणच्या पश्चिमेला एकेकाळी जमीन होती, ही गोष्ट सेशेल्सचा ग्रॅनाइट सांगतो आणि आंबोलीच्या मातीतला वीतभर लांबीचा, आंधळा प्राणीही सांगतो. डायनासोर संपले, लाव्हा वाहिला, किनारा तयार झाला, सह्याद्री झिजला, तरी या प्राण्याच्या वंशाने ओल्या मातीखाली तग धरला.

तो दिसतो तो मुख्यतः पावसाळ्यात. जमिनीत पाणी भरले की देवगांडुळे वर येतात, कधी दगडाखाली, कधी शेणखताच्या ढिगात, कधी रात्री रस्त्यावर. ती माणसाला चावायला येत नाहीत. पण अंधारात दिसणारी वळवळ साप म्हणून ठेचली जाते, किंवा घाटात वर्षा पर्यटनाच्या गाड्यांखाली येते. ओळखायची खूण सोपी आहे. सापाच्या अंगावर खवले स्पष्ट दिसतात. देवगांडुळाचे अंग ओले, गुळगुळीत आणि कड्याकड्यांचे असते, शेपूट जवळपास नसतेच आणि तोंड कुठले, टोक कुठले हे पटकन कळत नाही. असे काही दिसले तर ओल्या पानाने किंवा ओल्या हाताने उचलून रस्त्याकडेच्या पाचोळ्यात सोडावे. कोरडा हात, मीठ, राख, फिनाइल यांपैकी काहीही त्याच्या त्वचेला लागू देऊ नये.